उचल संपली, हंगाम बाकी
(पीएचडीच्या शेवटच्या वर्षाचा खर्च कसा भागवायचा?)



दर आठवड्याला आपण इथे बचत, कर्ज, शेळ्या, परसबाग, बाळंतिणीचा आहार असं काही ना काही बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "ताई, हे आपल्या कामाचं नाही." विषय आहे पीएचडी करणाऱ्या मुलींना मिळणारा पैसा, आणि तो नेमका शेवटच्या वर्षी का संपतो. पण लगेच रेडिओचा कान पिळू नका. आपल्या गटातल्या कुणाची तरी मुलगी, सून, नाहीतर भाची हल्ली एमए, एमएस्सी करून पुढे पीएचडीला लागलेली असते. तिच्या घरी लोक विचारतात, "किती वर्षं शिकणार अजून?" आणि आईला उत्तर देता येत नाही. ते उत्तर आज देऊ.

मी स्वतः बीए झाले, तेही लग्नानंतर, बाहेरून परीक्षा देऊन. पीएचडीचं मलाही काही ठाऊक नव्हतं. ते कळलं आमच्या एका गटातल्या मावशींमुळे. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. मावशींनी आणि काकांनी अठरा हंगाम ऊसतोड केली. मुलगी आजीजवळ राहून शिकली, पुढे वसतिगृहात राहिली, एमए झाली. २०१८ मध्ये तिने पीएचडीला नाव नोंदवलं आणि तिला फेलोशिपही मिळाली. विषय घेतला ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. जे जगली, तेच अभ्यासाला घेतलं.

मागच्या वर्षी गटाच्या बैठकीत मावशी गप्प गप्प होत्या. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, तरी उठेनात. मग म्हणाल्या, "पोरीचे पैसे बंद झालेत. वही अजून पुरी व्हायचीय. सोडून देते म्हणतीय." वही म्हणजे तिचा प्रबंध. आणि पुढे एक वाक्य बोलल्या, ते माझ्या डोक्यातून जात नाही. "आमचं जसं व्हायचं ना ताई, तसंच झालंय. उचल संपली, हंगाम बाकी."

ज्यांच्या घरी कोयता आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतली, ती दिवाळीआधीच खर्चून गेली, आणि ऊस तर मार्चपर्यंत तोडायचाच आहे. फेलोशिप म्हणजे काही उचल नव्हे. ती कर्जाऊ नसते, फेडायची नसते. पण पैसा आधी संपतो आणि काम मागे उरतं, हे दोन्हीकडे सारखंच.

पीएचडी म्हणजे नक्की काय काम?

बारावी, बीए, एमएला वर्षाच्या शेवटी परीक्षा असते. पीएचडीत तसं नसतं. आधी प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखत. मग एक मार्गदर्शक मिळतात, त्यांना सगळे गाइड म्हणतात. सुरुवातीला काही महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, संशोधन कसं करायचं हे शिकवणारा. नंतर आपण काय शोधणार, कसं शोधणार याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. मग खरं काम. कुणी प्रयोगशाळेत, कुणी जुन्या कागदांत, कुणी गावोगाव. आपल्या गटांत प्रश्नांची यादी घेऊन मुली येतात, "गटामुळे तुमच्या घरात काय बदललं?" असं विचारतात, त्यातल्या कितीतरी जणी पीएचडीच्या असतात. दर सहा महिन्यांनी समितीपुढे जाऊन सांगायचं की एवढं काम झालं.

माहिती गोळा झाली की लिहायला बसायचं. दोनशे-तीनशे पानांचा प्रबंध, प्रकरणाप्रकरणाने. गाइड वाचतात, दुरुस्त्या सांगतात, पुन्हा लिहायचं. नंतर विद्यापीठात सगळ्यांसमोर मांडणी करायची. कुणाचं लिखाण उचललेलं नाही ना, याची संगणकावर तपासणी होते. मग छपाई, बांधणी, शुल्क, आणि प्रबंध सादर. तो बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो. त्यांचे अहवाल आले की मौखिक परीक्षा, म्हणजे व्हायवा. ती झाली की नावाआधी डॉक्टर लागतं.

आता बघा, यात घरच्यांना दिसणारं काम कोणतं? परीक्षा दिसते, प्रवास दिसतो. लिहिणं दिसत नाही. खोलीत बसलेली मुलगी घरच्यांना रिकामी वाटते. पण सगळ्यात अवघड काम तेव्हाच चाललेलं असतं, आणि नेमका त्याच वेळी पैसा आटतो.

पैसा कुठून येतो?

सगळ्यात माहितीतली फेलोशिप म्हणजे जेआरएफ. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी वर्षातून दोनदा नेट परीक्षा होते, जून आणि डिसेंबरच्या नावाने. त्यात वरच्या गुणांनी पास झालेल्यांना ती मिळते. वयाची अट ३० वर्षांची आहे, पण स्त्रियांना ५ वर्षांची सूट आहे. म्हणजे लग्न-मुलांमुळे मागे राहिलेली मुलगीही पस्तिशीपर्यंत बसू शकते. हे मुद्दाम सांगते, कारण तिशी उलटली की आता काही खरं नाही असं समजून मुली पुस्तकं माळ्यावर टाकतात.

रक्कम किती? १ जानेवारी २०२३ पासून पहिली २ वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. २ वर्षांनी समिती काम तपासते आणि पुढची ३ वर्षं महिन्याला ४२,००० रुपये मिळतात, त्याला एसआरएफ म्हणतात. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. पुस्तकं, प्रवास, झेरॉक्स यासाठी वर्षाला आकस्मिक खर्चाची रक्कम मिळते. कला-सामाजिक शास्त्रांत पहिली २ वर्षं १०,००० रुपये आणि नंतर २०,५०० रुपये, विज्ञानात १२,००० आणि २५,००० रुपये.

नेटमधून जमलं नाही तरी इतर दारं आहेत. आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्था पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. अधिछात्रवृत्ती म्हणजे फेलोशिपच, सरकारी कागदावर हा शब्द दिसला तर गोंधळू नका. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. केंद्र सरकारच्याही अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहेत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांत भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद डॉक्टरल फेलोशिप देते. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय विद्यापीठांत नेटची फेलोशिप नसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी महिन्याला ८,००० रुपयांची तरतूद आहे.

आणि एक खास आपल्यासाठी. आईवडिलांना एकच मुलगी असेल, भाऊ-बहीण नसेल, तर सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाने आयोगाची फेलोशिप आहे. त्यात जुळ्या मुलीही चालतात. रक्कम जेआरएफएवढीच, वयाची मर्यादा ४० वर्षं आणि राखीव प्रवर्गांना ४५. पीएचडी मात्र पूर्ण वेळ हवी. एका मुलीवर थांबलेल्या आईला "मुलगा नाही का?" असं गावात विचारतात. त्याच मुलीसाठी सावित्रीबाईंच्या नावाने पैसा ठेवलेला आहे, हे तिच्या कानावर घाला.

या योजनांच्या जागा ठरलेल्या असतात. जाहिरात निघते, ठरावीक दिवस अर्ज उघडा असतो आणि मग बंद. जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, जिथे लागेल तिथे नॉन क्रीमीलेअर, विद्यापीठाचं नोंदणीपत्र हे कागद आधीच काढून ठेवले तरच वेळेत अर्ज जातो. शिवाय योजना कायमच्या असतात असंही नाही. अल्पसंख्याक समाजांतल्या संशोधकांना मौलाना आझाद यांच्या नावाने फेलोशिप मिळायची. ती पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला. म्हणून आज दिसते त्या योजनेला आजच अर्ज करायचा, पुढच्या वर्षी बघू म्हणायचं नाही.

मग पैसा संपतो कसा?

आता मुख्य गोष्ट, हिशेबाची. वही घेऊन बसलात तर आकडे लिहून घ्या.

फेलोशिप जास्तीत जास्त ५ वर्षं. पीएचडी करायला मुदत मात्र ६ वर्षं. २०२२ च्या नियमांप्रमाणे पुन्हा नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, म्हणजे ८. आणि स्त्रियांना, तसंच ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना, त्यावर आणखी २ वर्षं, म्हणजे एकूण १०. आता वजाबाकी करा. १० वर्षं मुदत, ५ वर्षं पैसा. मुदत वाढते, पैसा वाढत नाही. सगळं दुखणं या एका वजाबाकीत आहे.

बरं, ५ वर्षांच्या आत प्रबंध दिला तर? ज्या दिवशी प्रबंध सादर होतो त्या दिवशी फेलोशिप थांबते. पुढे तपासणी आणि मौखिक परीक्षा. हे सगळं सहा महिन्यांत उरकावं असा नियम आहे, पण त्या महिन्यांचा खर्च ज्याचा त्यालाच. आणि पदवी हातात आल्याशिवाय चांगली नोकरी मिळत नाही.

त्यात फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही. दर महिन्याला विद्यापीठाने ही विद्यार्थिनी काम करते आहे असं कळवावं लागतं. कुठे कागद अडला की तीन-चार महिन्यांचे पैसे एकदम येतात. तोवर खोलीभाडं, मेस, गावोगावचा प्रवास उसनवारीवर. पैसे आले की आधी उसने फिटतात. हाती उरतं काय?

मावशींच्या मुलीचं असंच झालं. ऊसतोडीचा अभ्यास हंगामातच करता येतो. साखर कारखान्याच्या फडावर नोव्हेंबर ते मार्च कामगार असतात, बाकी महिने गावाकडे. २०२० मध्ये करोना आला, पुढचा हंगाम तिला फडावर जाताच आलं नाही. २०२१ मध्ये लग्न, २०२२ मध्ये बाळ. २०२३ मध्ये फेलोशिपची ५ वर्षं भरली. तेव्हा तिची दोन प्रकरणं लिहून झाली होती आणि तीन बाकी होती. मग तिने कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला सुरुवात केली. जितके तास, तितके पैसे, सुट्टीत काही नाही. दिवसभर शिकवायचं, रात्री बाळ. प्रबंधाला वेळ कुठून आणणार? पैसा मिळवायला गेली तर वेळ गेला, आणि वेळ वाचवायला बसली तर पैसा नाही.

बाबासाहेबांचीही शिष्यवृत्ती संपली होती

मुलगी सोडून देते म्हणाली तेव्हा मी तिला एकच गोष्ट सांगितली. आपल्या सगळ्यांच्या घरात ज्यांचा फोटो आहे, त्या बाबासाहेबांची.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, ३ वर्षांसाठी. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. तिथलं काम सुरू झालं होतं, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. प्रबंध अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. लंडनमध्ये त्यांना सवलत मिळाली की चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरं करा. म्हणजे बघा, शंभर वर्षांपूर्वीही मुदत मिळाली होती, पैसा मिळाला नव्हता!

मग त्यांनी काय केलं? बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसावा लागला, राहायला जागा मिळाली नाही, ती सोडावी लागली. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे बाजूला टाकले. रमाईंनी घर काटकसरीने चालवलं. नवल भथेना या मित्राने ५,००० रुपये उसने दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाच्या पीएचडीसाठी तर प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. ते पुस्तक १९२५ मध्ये निघालं, ते त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केलं, आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये. अमेरिकेला निघाल्यापासून १४ वर्षांनी.

या गोष्टीत मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, अर्ध्यावर थांबणं म्हणजे हरणं नव्हे. दुसरी, शेवटचा टप्पा एका शिष्यवृत्तीवर पार पडला नाही. स्वतःची बचत, घरच्या बाईची काटकसर, मित्राचे उसने आणि एका राजाची मदत, अशा चार ठिकाणच्या पैशांवर तो पार पडला. आपण गटात शिकतो तेच की! एकाच खांबावर छप्पर उभं करायचं नाही.

अमेरिकेत आता काही विद्यापीठं फक्त शेवटच्या वर्षासाठी वेगळी फेलोशिप देतात. माहिती गोळा झाली आहे, काही प्रकरणं लिहून झाली आहेत आणि वर्षभरात प्रबंध पुरा होईल असं गाइडने लिहून दिलं की ती मिळते. त्या वर्षात शिकवण्याचं काम करायचं नाही, फक्त लिहायचं. तिथली विद्यापीठात शिकलेल्या स्त्रियांची एक संघटना १८८१ पासून आहे. तीही प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षं असा पैसा देत आली आहे. स्त्रियांनी स्त्रियांसाठी केलेली ती बचतच म्हणायची. आपल्याकडे शेवटच्या वर्षाची अशी सोय सरसकट नाही. म्हणून आपली सोय आपणच आधीपासून लावायची.

आधीपासून काय करायचं?

तुमच्या ओळखीत पीएचडी करणारी मुलगी असेल तर तिला या सहा गोष्टी सांगा.

एक. फेलोशिपचा पहिला पैसा आला त्याच महिन्यापासून शेवटच्या वर्षाची बचत सुरू करायची. निदान ४२,००० रुपये मिळू लागल्यावर तरी. महिन्याला ३,००० रुपये बाजूला टाकले तर ३६ महिन्यांत १,०८,००० रुपये होतात. म्हणजे फेलोशिप संपल्यावर १२ महिने, दर महिन्याला ९,००० रुपये. त्यात राजेशाही होणार नाही, पण गावी राहून लिहिता येईल. घरच्यांनीही ध्यानात ठेवायचं, की हा पैसा मुलीच्या कामाचा आहे. त्यातून दिराची गाडी आणि नणंदेचं लग्न निघालं, तर प्रबंध कशातून निघणार?

दोन. बाळंतपणाची रजा मागायची. पीएचडीच्या संपूर्ण काळात स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळू शकते. २०१६ च्या नियमांत ही तरतूद होती, २०२२ च्याही आहे. २४० दिवस म्हणजे आठ महिने! जेआरएफ घेणाऱ्यांना प्रसूती रजेत फेलोशिप चालू ठेवण्याचीही सोय आहे. पण अर्ज आधी आणि लेखी द्यावा लागतो. मावशींच्या मुलीने अर्जच दिला नव्हता. लाजेने गाइडना सांगितलं नाही, नुसती घरी बसून राहिली. कागदावर ते महिने गैरहजेरीचे झाले.

तीन. मुदतवाढ मुदत संपायच्या आत मागायची. तिची नोंदणी २०१८ ची, म्हणजे तिला २०१६ चे नियम. ६ वर्षं अधिक स्त्रियांना २, एकूण ८. पण तिला कुणीतरी सांगितलं होतं की ६ वर्षं झाली, आता नाव कापलं जाणार. त्या भीतीनेच ती सोडायला निघाली होती. आम्ही नियमाचा कागद काढला, तिने गाइडची सही घेऊन अर्ज दिला आणि वाढ मिळाली. एका अर्जाने दोन वर्षं वाचली.

चार. लग्न होऊन दुसऱ्या गावी जावं लागलं तरी पीएचडी सोडायची गरज नाही. स्त्रीला लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदलावं लागलं तर तिचं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. काही अटी असतात, पण वाट आहे. सोयरीक जमवताना हुंड्याचं बोलणं करणाऱ्यांनी तो कायद्याने गुन्हा आहे हे लक्षात ठेवावं, आणि बोलायचंच असेल तर हे बोलावं, की आमची मुलगी प्रबंध पुरा करणार, चालेल ना?

पाच. कागद तारखेवारी लावून ठेवायचे. रुजू झाल्याचा अहवाल, दर सहा महिन्यांचे समितीचे अहवाल, २ वर्षांनंतर वाढीव फेलोशिपसाठी समितीची शिफारस, घरभाड्याचा दाखला, आकस्मिक खर्चाच्या पावत्या. फेलोशिप अडते ती बहुतेक वेळा कागदावर. गटाची इतिवृत्त वही जशी आपण जपतो, तशी ही फाइल जपायची. आणि फेलोशिप चालू असताना पगाराची नोकरी धरली तर लगेच कळवायचं. लपवलं तर पैसे परत भरावे लागतात.

सहा. लिहिणं शेवटाला ठेवायचं नाही. एका गावाची माहिती आली की त्या गावाची पानं लिहून टाकायची. आपण महिन्याचा हिशेब महिन्याला लिहितो, मार्चमध्ये वर्षभराचा आठवत बसत नाही. तसंच हे.

आणि आपल्या गटाने?

मावशींनी गटाकडे ३०,००० रुपये कर्ज मागितलं. दोन महिने घरी बसून लिहिता यावं, टंकलेखन, छपाई, बांधणी, विद्यापीठाचं शुल्क आणि येण्याजाण्याचा खर्च यासाठी. बैठकीत बराच वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, "म्हैस घेतली तर दूध देते. प्रबंध काय देतो?" प्रश्न रास्त होता. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे, भावनेवर वाटायचा नसतो. मावशी काही बोलल्या नाहीत. आमच्या गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "म्हैस भाकड गेली तर? ही पोर भाकड जायची नाही." तरीही आम्ही नुसत्या बोलण्यावर दिलं नाही. मुलीला बैठकीला बोलावलं. किती पानं झाली, किती राहिली, कोणत्या महिन्यात काय होणार, हे तिने फळ्यावर लिहून दाखवलं. तिची फेड तासिकांच्या पैशातून ठरली, व्याज शेकडा एक रुपया, रक्कम दोन टप्प्यांत. एक प्रकरण गाइडकडे गेल्यावर दुसरा टप्पा. घरकुलाचा हप्ता भिंती उभ्या राहिल्यावरच येतो ना, तसं.

खरं सांगू? पैशापेक्षा जास्त उपयोग झाला वेळेचा. तिच्या सासूबाई शेजारच्या गावातल्या गटात आहेत. त्यांच्या समन्वयक ताई आणि मी, दोघी त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. सून काय लिहिते आहे ते त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीने त्यांना एक पान वाचून दाखवलं. फडावर पाचटाच्या कोपीत अभ्यास करणाऱ्या एका पोरीबद्दल होतं. सासूबाईंनी डोळे पुसले. त्यांनीही तरुणपणी दोन हंगाम केलेले. म्हणाल्या, "सकाळी दहा ते दोन बाळ माझ्याकडे. तू लिही." रोजचे ते चार तास कोणत्याच फेलोशिपमध्ये मिळत नाहीत.

मार्चमध्ये तिचा प्रबंध सादर झाला. मौखिक परीक्षा अजून व्हायची आहे. गटाचे चार हप्ते फिटलेत, बाकीचे चालू आहेत. प्रबंध मंजूर झाला की त्याची प्रत शोधगंगा नावाच्या सरकारी संकेतस्थळावर जाईल आणि देशात कुणालाही वाचता येईल. मावशींना अक्षर ओळख गटात आल्यावर झाली. त्या म्हणाल्या, "माझ्या फडाचं नाव त्यात असंल ना? तेवढं मी वाचीन."

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात किंवा गावात कोण मुलगी पीएचडी करते आहे, ते विचारा. तिला "कधी संपणार?" असं विचारू नका. "फेलोशिप कधी संपणार, आणि त्यानंतरचं काय ठरवलंस?" असं विचारा. उत्तर नसेल तर तिच्यासोबत वही घेऊन बसा. हिशेब तर आपल्याला येतोच.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार!